जोडीतला एक तोडा

माझ्या आईच्या एकाच पायात तोडा होता. उजव्या. डावा पाय मोकळा. चांदीचा, भरीव, अंगठ्याएवढा जाड. चालताना उजवा पाय पडला की फरशीवर ठक्क व्हायचं आणि डाव्याचा काहीच आवाज नाही. आम्ही भावंडं पत्ते खेळत असलो आणि ते ठक्क ऐकू आलं की पत्ते उशीखाली. रेल्वे कॉलनीत तिला बायका हसत. नवीन कोणी राहायला आलं की हमखास विचारायचं, "ताई, दुसरा हरवला का?" आई म्हणायची, "हरवला काहून? तो भोजलीच्या पायात आहे."

भोजली म्हणजे काय, हे रायपूरच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी इकडच्या छत्तीसगढी बायका टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर तळ्यात शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, नेतात. ते अंकुर दोघींनी एकमेकींच्या कानामागे खोचले की त्या जन्मभराच्या भोजली. बहिणीपेक्षा जवळचं नातं. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, तिनेही भोजली म्हणायचं आणि हिनेही. आईची भोजली धमतरी रोडवरच्या एका गावची. डोक्यावर टोपली घेऊन मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि भाजी विकायला आमच्या कॉलनीत यायची. एका वर्षी तळ्यावरून परत येताना ती आमच्या दारात थांबली आणि सरळ आईच्या कानामागे अंकुर खोचायला लागली. आई मागे सरकली. म्हणाली, "बाई, आम्ही बौद्ध. आमच्यात असलं काही नसते." ती म्हणाली, "गहूँ त सबो घर म खाथें." गहू तर सगळ्याच घरी खातात! आईने कान पुढे केला.

दोघींचं मुख्य काम एकच, चांदी. धान विकलं गेलं की भोजली शहरात यायची, आई बाबांच्या बोनसमधून मागे ठेवलेले पैसे काढायची, आणि दोघी सदर बाजारात जायच्या. स्कूटरवाले हॉर्न वाजवून वाजवून थकत, पण या दोघी रस्त्याच्या मधोमध, हातात हात घालून. मी मागे पिशवी घेऊन. दुकानात बसल्या की सोनाराला घाम फोडायच्या. भोजली दागिना हातावर तोलून बघायची, आई टाका, म्हणजे सांध्याला लावलेला हलका डाख, कुठे आहे ते बघायची. "इतका टाका लावला भैया, आम्ही चांदी घ्यायला आलो का टाका?" असं सुरू झालं की तासभर सुटका नाही. कधी करधन, कधी कानातलं, कधी नुसता तुकडा.

बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. त्यांना वाटायचं, पैसे बँकेत टाकावेत. आईचं म्हणणं वेगळं. बँकेतल्या पैशावर पाहुण्यांची नजर असते, सोनं आपल्याले झेपत नाही, अन् चांदी अडीनडीला बाजारात नेली की त्याच दिवशी कामाला येते. आणि खरंच यायची. माझ्या पॉलिटेक्निकची फी भरायची होती तेव्हा तिची करधन गेली. कमरेवरून काढली, साबणाने धुतली, फडक्यात बांधली आणि घेऊन गेली. मी रडवेली झाले तर मलाच झापलं, "पोट्टे, रडून काहून राहिली? याच्यासाठीच तं घेतली होती."

ती फी भरून मी शिकले आणि रेल्वेच्या सिग्नल विभागात लागले, रिले तपासायच्या कामावर. रिले म्हणजे एक छोटा स्विच. वीज आली की आतली दोन टोकं एकमेकांना टेकतात, वीज गेली की सुटतात. एवढंच. पण त्या टेकण्यावर लाल दिवा हिरवा होतो आणि गाडी सुटते. त्या टोकांवर काय असतं? चांदीचा ठिपका. मला पहिल्या दिवशी वरिष्ठांनी दाखवला तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, अगं माझे आई, तू इथेही आहेस! तांब्याचं टोक काही दिवसांत मळतं, अडतं. चांदी काळवंडते, पण बापडी काम सोडत नाही. वर्षानुवर्षं टेकते, सुटते, टेकते. सोन्याचा मला राग नाही, दिसायला देखणं आहे, पण ते बहुतेक तिजोरीत बसून राहतं. चांदी ड्यूटीवर जाते. मोबाईलमध्ये आहे, गाडीत आहे, छतावरच्या सोलरच्या काळ्या काचेवर ज्या बारीक रेघा दिसतात त्याही चांदीच्याच. मला या धातूचं फार कौतुक आहे, आणि ते मी लपवत नाही. माझी मुलगी म्हणते, "मम्मी, आप तो चांदी की एजंट हो." असू दे.

तर तोडा. त्या जोडीची गोष्ट अशी की एका वर्षी धान चांगलं झालं, बोनसही बरा मिळाला, आणि दोघींना एकच जोडी आवडली. सोनाराकडे तशी दुसरी नव्हती. दुसरी कोणी असती तर भांडली असती. या दोघींनी जोडी फोडली. एक तोडा हिच्या उजव्या पायात, एक तिच्या. सोनार बिचारा म्हणत होता, असं कोणी करत नाही हो. त्याने दोघींचे पाय ठोकळ्यावर ठेवले, तोड्याची टोकं हातोडीने दाबून बंद केली. आणि तिथेच, दुकानात, या बायांनी आपसात एक नियम करून टाकला. जिवंत आहोत तोवर तोडा काढायचा नाही. एक गेली की मागे राहिलेलीनं आपला काढायचा, विकायचा, आणि त्या पैशात गेलेलीच्या घरच्यांना जेवू घालायचं. मी तिथे होते. मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. पुढे तोच नियम माझ्या डोक्याला ताप होईल हे काय माहीत!

बाबा गेले, कॉलनीतलं क्वार्टर सुटलं, आम्ही चौबे कॉलनीत राहायला आलो. भोजलीचं टोपली घेऊन येणं वयामुळे थांबलं, पण सणाला यायचीच. गेल्या दोन वर्षांत चांदीने जी उडी मारली ती सगळ्यांनी पाहिली. ज्यांनी जन्मात चांदीकडे पाहिलं नाही तेही भाव विचारायला लागले. माझा भाऊ पुण्याला असतो. त्याचा दर रविवारी फोन, "आईला सांग, तो तोडा विक. आत्ता भाव आहे. त्याचं मोबाईलवर ईटीएफ घेऊन देतो. चांदीच असते ती, फक्त घरात ठेवायची भानगड नाही." तो वाईट बोलत नव्हता. खेड्यापाड्यात म्हाताऱ्या बायांच्या अंगावरचे दागिने ओढून नेल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या, त्याला तीच धास्ती. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ती पायात घालता येते का?" तो म्हणाला, नाही. "मंग राहू दे बाप्पा."

या पावसाळ्याच्या शेवटी आईच्या उजव्या पायाला काहीतरी चावलं की खरचटलं, कोणास ठाऊक. तिला साखर आहे. तिने आम्हाला सांगितलंच नाही, हळद लावून बसली. मी पाहिलं तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद आणि तोडा मांसात रुतलेला. वरून मांस आलेलं, खालून मांस आलेलं, मधे चांदी. तशीच तिला शंकर नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण खमकी. म्हणाली, जंतुसंसर्ग आहे, सूज अजून वाढणार, हे कडं आजच्या आज निघालं पाहिजे. नाहीतर खाली रक्त पोचणार नाही आणि मग बोटं जातील, कदाचित पाऊल. तिच्याकडे अंगठी कापायचं औजार होतं, ते त्या तोड्यापुढे खेळणंच. मोठ्या इस्पितळात पाठवते म्हणाली. आईने पाय ओढून घेतला. "कापायचा नाही," म्हणाली. डॉक्टरीणबाईने समजावलं, मग रागावली, मग मला म्हणाली, "त्या नको म्हणत असतील तर कोणीच हात लावू शकत नाही. घरी न्या, समजवा, पण आज संध्याकाळच्या आत."

घरी आणलं. इंजेक्शन दिलेलं, पाय उशांवर. आणि मी पेटले. माझा स्वभाव तसाही लोखंडाच्या तव्यासारखा, तापायला वेळ लागत नाही. म्हटलं, "आई, तू विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर भाषण देते. बायांना सांगते, गंडे तोडा, दोरे तोडा. अन् स्वतः एका कड्यासाठी पाय घालवून राहिली?"

"ओरडून काहून राहिली?" ती म्हणाली. "मले ऐकू येते."

"मग काढू दे ना!"

"मी काढला म्हणजे ती मेली. तसंच ठरलं होतं आमचं."

"अगं पण ती जिवंत आहे! गावात बसून धान निवडत असेल!"

"मले माहीत आहे ते," आई म्हणाली. "सगळं माहीत आहे. कड्यानं कोणी मरत नाही, हे मीच लोकांले सांगतो. पण मी काढला अन् तिले काही झालं, तं मी कोणाले भाषण देऊ मंग?"

आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. मला एवढा राग आला आणि एवढं प्रेम आलं की काय करावं कळेना. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच भांडी आपटली. मग भोजलीच्या मुलाला फोन लावला. सांगितलं, असं असं आहे, तुझ्या आईला विचार, ती फोनवर जर दोन शब्द बोलली तर माझी आई ऐकेल. तो म्हणाला, "दीदी, दाई खेत म हे, आही त बताहूँ." आई शेतात आहे, आली की सांगतो. झालं! मी घड्याळाकडे बघत बसले.

फोन आलाच नाही. दुपारी दारात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून भोजली उतरली. चिखलाचे पाय, शेतातलंच लुगडं, हातात लाल भाजीची जुडी. निरोप कळला तशी बांधावरून निघाली होती, शेअर ऑटो, मग बस, मग रिक्षा. तिच्या पायातला तोडा मला आधी दिसला. जुना होऊन काळा पडलेला.

"का होगे ओ भोजली?" काय झालं गं, म्हणत ती आत शिरली. आईने पटकन पायावर चादर ओढली. भोजलीने चादर काढली, पाय पाहिला, वाकून हुंगलासुद्धा. मग माझ्याकडे वळली. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली, आई काय म्हणते. ती ऐकत होती आणि आई छताकडे बघत होती. मला वाटलं, आता ही तिला समजावेल. देवाची शपथ घालेल, नियम मागे घेतला म्हणेल. तिने तसलं काहीच केलं नाही. मला विचारलं, कापणार कोण? मी म्हटलं, मीच. माझ्या पेटीत बारीक दाताची करवत आहे, धातूत हात बसलेला आहे. आई इस्पितळात जायला तयार झाली नाही तर घरी तरी होईल.

भोजली जमिनीवर फतकल मारून बसली, लुगडं वर सारलं आणि आपला उजवा पाय माझ्या पुढ्यात टाकला. धडधाकट, सावळा, शेतात चालून टणक झालेला पाय. "पहिली मोर ला काट," म्हणाली. "तोर हाथ घलो जम जाही." आधी माझा काप, तुझा हातही बसेल.

आई उठून बसली. "काही नको! भोजली, पाय घे मागं. तुले काय झालं आहे?"

"तैं चुप रह."

मी नाही म्हणणार होते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि करवत उचलली. बिस्किटाच्या डब्याचा पातळ पत्रा कडा दुमडून, तेल लावून तोड्याखाली सरकवला, म्हणजे करवत निसटली तरी कातडीला लागू नये. सोनाराने दाबलेल्या टोकांच्या बरोबर समोरच्या बाजूला सुरुवात केली. चांदी मऊ, करवत छान चालली, भुसा पांढराशुभ्र पडायला लागला. मी जोर लावला. आणि भोजली ओरडली, "जरत हे!" भाजतंय! मी हात मागे घेतला. पत्रा ओढून पाहिलं तर कातडीवर लाल पट्टा उठलेला. अरे देवा! चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही, हे मी नोकरीत लागलेल्या पोरांना शिकवते. घर्षणाने तापली की सगळं कडं एकदम तापणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तो चटका आईच्या सुजलेल्या, साखरेच्या पायाला बसला असता तर? भोजली म्हणाली, पाणी आण. मी बर्फाचं पाणी आणलं. धार सोडत, हळूहळू, थांबत थांबत कापलं. यावेळी ती हूं की चूं बोलली नाही. शेवटी तोडा दुभंगला आणि दोन अर्धी फरशीवर पडली.

भोजलीच्या पायावर जिथे तोडा होता तिथे फिकट गोल पट्टा होता, आणि त्यावर भाजल्याचा लाल डाग. तिने ती दोन अर्धी उचलली आणि आईच्या तोंडासमोर धरली.

"ले, उतर गे," म्हणाली. "अब बता, तैं मर गे हस का?"

काढला बघ. आता सांग, मेलीस का तू?

नियम त्या दोघींचा होता. एकीने काढला म्हणजे दुसरी मेली. आई पलंगावर बसलेली, जिवंत, उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत. मग आईच्या तोंडून जे काही निघालं ते हसू होतं की रडू, मला अजून ठरवता येत नाही. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. डोळे पुसत तिने उशांवरचा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "काप बाई," म्हणाली. भोजली तिच्या बाजूला जाऊन बसली आणि हातात हात घेतला, सदर बाजारात चालायच्या तसा. मी तसाच पत्रा हळूच सरकवून, बर्फाच्या पाण्याची धार सोडत कापलं. आईला कुठेही चटका बसला नाही.

संध्याकाळच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाईने पाऊल दाबून पाहिलं, बोटं हलवायला लावली, आणि पहिल्यांदा हसली. सूज उतरायला वेळ लागला. पण पाय राहिला. सगळी बोटं राहिली. भोजली आईजवळच थांबली, आई चालायला लागेपर्यंत गावाला गेली नाही.

आई बरी झाली तशी दोघींनी मला रजा टाकायला लावली आणि सदर बाजारात घेऊन गेल्या. चारही अर्धे तुकडे एकाच फडक्यात. भोजलीच्या शेताला सरकारी योजनेतून सोलर पंप बसवायचा होता, घरच्यांनी भरायचा हिस्सा राहिला होता, आणि आईने परस्पर ठरवून टाकलं होतं की दोन्ही तोडे त्यातच जातील. ऑटोत मी भोजलीला सांगितलं की त्या पंपाच्या काळ्या पाट्यांवर चांदीच्या रेघा असतात, तीच चांदी उन्हातून वीज गोळा करून नेते. तिला ते फार पटलं. तिने आईला कोपर मारलं आणि म्हणाली, म्हणजे आपले तोडे शेतात जाऊन पाणी उपसणार! आई म्हणाली, "उपसू दे. पायात बसून तरी काय करून राहिले होते?" दोघी एवढ्या हसल्या की ऑटोवाला मागे वळून पाहायला लागला.

दुकानात सोनाराने तुकडे कसाला लावले, मान डोलावली आणि काट्यावर ठेवायला घेतले. तेव्हा मला राहवेना. इतकी वर्षं ज्याचा आवाज ऐकत मोठी झाले ती वस्तू आता मुशीत जाणार. मी आईला हळूच म्हटलं, "एक तुकडा तरी ठेव ना. तेवढे पैसे मी घालते. भोजलीची आठवण म्हणून."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी भलतंच बोलले. मग शेजारी बसलेल्या, सोनाराशी टाक्यावरून हुज्जत घालणाऱ्या भोजलीकडे पाहिलं.

"आठवण?" ती म्हणाली. "जिती आहे ती."